कोरोमंडल किनाऱ्याचा हिवाळा : ऋतूचा अंदाज कसा वाचावा

बंगळूर शहराच्या शिवाजीनगर भागात डिसेंबर महिन्यातील एखादी सकाळ सूर्यदर्शनावाचूनच उगवते. आकाश करड्या ढगांनी झाकलेले असते, गार वारा अंगाला झोंबतो आणि रसेल मार्केटसमोरील भाजीवाले झिमझिम पावसात आपल्या पाट्यांवर ताडपत्र्या ओढीत असतात. पूर्व किनाऱ्यावरील नावा समुद्रात न गेल्यामुळे मासळीच्या गाळ्यांवर त्या बाजूचा माल कमी असतो. अशा दिवशी तेथील जुना रहिवासी विचारतो तो एकच प्रश्न : चेन्नईकडे वादळ आहे काय?

समुद्र या बाजारापासून सुमारे २९० किलोमीटर दूर आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तरीही हा प्रश्न अगदी योग्य होय. बंगळूरच्या हिवाळ्याची सुरुवात ज्या पावसाने होते, तो पाऊस बंगालच्या उपसागराकडून येतो. भारतीय हवामानखाते ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दक्षिण द्वीपकल्पाच्या पावसाचा जो अंदाज प्रसिद्ध करते, त्यात पाच विभागांचा समावेश असतो : तमिळनाडू व पुदुच्चेरी, किनारी आंध्र, रायलसीमा, केरळ आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटक. बंगळूर यांपैकी शेवटच्या विभागात मोडते. किनाऱ्याचा अंदाज तो या शहराचाही अंदाज, असे म्हणावयास त्यामुळे प्रत्यवाय नाही.

उलटा पावसाळा

महाराष्ट्रातून दक्षिणेत गेलेल्या माणसास हा ऋतू प्रथम चमत्कारिक वाटतो. देशावर दसऱ्यानंतर आकाश निरभ्र होते; मार्गशीर्ष-पौषात हुरड्याचे दिवस येतात. कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास खरा पावसाळा सुरू होतो. शहाजीराजांच्या जहागिरीतील बंगळुराहून व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरास गेले व तेथे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत नांदले. त्या राज्यात वसलेल्या मराठी कुटुंबांना शेतीचे सारे वेळापत्रक या उलट्या पावसाशी जुळवून घ्यावे लागले. सांबा भाताची लावणी, तळ्यांचा भरणा, पेवांतील धान्य, हे सर्व तेथे ईशान्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून होते व आजही पुष्कळ अंशी आहे. तमिळनाडूच्या वार्षिक पावसापैकी जवळजवळ निम्मा पाऊस याच तीन महिन्यांत पडतो.

याचे कारण वाऱ्याच्या दिशेत आहे. उन्हाळ्यात समुद्रापेक्षा जमीन अधिक तापते आणि वारे नैर्ऋत्येकडून वाहतात. त्यांची आर्द्रता सह्याद्रीवर रिकामी होते व पलीकडचा कोरोमंडल किनारा पर्वताच्या आडोशाला कोरडा राहतो. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, आशिया खंडाचा उत्तर भाग थंड होतो, तेथील वायुभार वाढतो आणि वारे ईशान्येकडून वाहू लागतात. हेच वारे कोरडे होऊन महाराष्ट्रावर येतात; पण तमिळनाडूकडे येताना ते बंगालच्या उपसागराच्या उबदार पाण्यावरून वाहत येतात व बाष्पाने भरून जातात.

तथापि केवळ वारा आला म्हणजे पाऊस पडतो, असे नाही. पूर्वेकडून सरकत येणारी कमी दाबाची क्षेत्रे व क्वचित त्यांतून निर्माण होणारी चक्री वादळे ही त्या बाष्पाचे पावसात रूपांतर करतात. संपूर्ण ऋतूचा पाऊस अशा मोजक्या फेऱ्यांत पडून जातो. चार-पाच फेऱ्या नीट आल्या तर तळी भरतात. दोनच आल्या तर दुष्काळ पडतो. अंदाज वर्तविणाऱ्याची खरी अडचण येथेच आहे.

दूरच्या महासागरांची सत्ता

कोणत्या वर्षी किती फेऱ्या येतील, हे तीन महिने अगोदर सांगणे अशक्यप्राय असले, तरी ऋतूचा कल कोणीकडे आहे याची काही सूचना मिळू शकते. या शोधाची मुळे भारतातच आहेत. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामानखात्याचे प्रमुख असलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी पडताळून पाहिल्या. प्रशांत महासागरावरील वायुभार वाढला की हिंदी महासागरावरील घटतो आणि तो घटला की इकडे वाढतो, असा एक प्रचंड झोका त्यांना आढळला. यालाच त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. प्रशांत महासागराचे पाणी विषुववृत्तावर नेहमीपेक्षा अधिक तापते, त्या स्थितीस एल निनो म्हणतात. ते अधिक थंड होते, त्या स्थितीस ला निना. या तापमानबदलांचा वॉकर यांच्या झोक्याशी निकटचा संबंध आहे, हे पुढे १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले.

मौजेची गोष्ट अशी की, जून ते सप्टेंबरच्या पावसाला बाधक ठरणारा एल निनो कोरोमंडल किनाऱ्याच्या हिवाळी पावसाला बहुधा पोषक ठरतो. हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील पाणी पूर्व भागापेक्षा अधिक उबदार असल्यास तेही बहुधा साह्यकारी होते. येथे ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वाचकाने तो गाळला की अंदाजाचा अर्थच बदलतो.

एका शिवाजीनगरातून दुसऱ्या शिवाजीनगरात

हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील त्याच्या इमारतीस लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले. परंतु ऋतुमानाचे दीर्घ पल्ल्याचे अंदाज तयार करण्याचे काम पुण्याच्या कार्यालयात चालते. अशा रीतीने बंगळूरच्या शिवाजीनगरातील पावसाळी सकाळींविषयीचे अनुमान पुण्याच्या शिवाजीनगरात बांधले जाते.

त्याची रीत अशी. महासागराचे व वातावरणाचे गणिती प्रतिरूप संगणकात घातले जाते. सद्यःस्थितीची मोजमापे कितीही काळजीने घेतली, तरी त्यांत अल्प त्रुटी राहतातच. म्हणून सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून तेच गणित अनेक वेळा सोडविले जाते. निरनिराळ्या देशांतील प्रतिरूपांची उत्तरेही एकत्र केली जातात. सर्व उत्तरे एकाच बाजूला झुकली तर कल स्पष्ट, ती विखुरली तर कल संदिग्ध समजावा. ईशान्य मोसमी पावसाचा अंदाज साधारणतः सप्टेंबरच्या अखेरीस वा ऑक्टोबरच्या आरंभी व डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीचा अंदाज नोव्हेंबर संपताना प्रसिद्ध होतो.

अंदाजातील ‘सर्वसाधारण’ या शब्दाला निश्चित अर्थ आहे. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत दक्षिण द्वीपकल्पावर या तिमाहीत सरासरी सुमारे ३३४ मिलिमीटर पाऊस झाला. या सरासरीच्या ८८ ते ११२ टक्के, म्हणजे साधारणपणे २९४ ते ३७४ मिलिमीटर पाऊस झाला, तर तो सर्वसाधारण. त्याहून कमी तो न्यून व अधिक तो अधिक.

आता एक थैली डोळ्यांपुढे आणावी. तीत कमी, सर्वसाधारण व अधिक पावसाच्या प्रत्येकी दहा गोट्या आहेत. काहीच माहिती नसताना तिन्ही शक्यता समान असतात. महासागराची स्थिती पोषक दिसली की शास्त्रज्ञ या गोट्यांचे प्रमाण बदलतो. समजा, अधिक पावसाच्या पंधरा, सर्वसाधारणच्या नऊ आणि कमी पावसाच्या सहा. अंदाज म्हणजे थैलीतील हे प्रमाण होय. निसर्ग त्यांतून एकच गोटी काढतो. ती त्या सहांपैकीही असू शकते. तशी ती निघाली तर अंदाज खोटा ठरत नाही. ज्या ज्या वेळी पन्नास टक्के शक्यता सांगितली गेली, त्यांपैकी सुमारे निम्म्या वेळी ती घटना घडली की नाही, ही त्याची खरी परीक्षा आहे.

तीन वर्षांची साक्ष

२०१५ साली प्रशांत महासागरात नोंदलेल्या अत्यंत प्रबळ एल निनोंपैकी एक होता. अपेक्षेप्रमाणे तमिळनाडूत पाऊस सरासरीच्या सुमारे दीडपट झाला. परंतु त्याचा मोठा भाग थोड्याच दिवसांत कोसळला. २ डिसेंबरच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत चेन्नईच्या तांबरम उपनगरात सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अड्यार नदीने शहर बुडविले. त्या मोसमातील पुरांत राज्यातील शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. ऋतूचा कल ओळखला गेला म्हणून त्या रात्रीचे संकट टळले नाही.

२०१६ साली चित्र पालटले. प्रशांत महासागर किंचित थंड होता, हिंदी महासागराची स्थितीही प्रतिकूल होती. तमिळनाडूत ४४० मिलिमीटरच्या जागी अवघा १६८ मिलिमीटर पाऊस झाला. तूट ६२ टक्के. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील सांबा भात जळाले व जानेवारी २०१७ मध्ये संपूर्ण राज्य दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. पण याच कोरड्या मोसमात, १२ डिसेंबर रोजी, वरदा चक्री वादळ थेट चेन्नईवर आदळले आणि शहरातील हजारो झाडे उन्मळून पडली. अवर्षणाच्या वर्षीही वादळ येते, ही गोष्ट त्या दिवसाने शिकविली.

२०२१ साली ला निना होता. नुसत्या नियमाने पाहिले तर पाऊस बेताचा व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात नोव्हेंबरात कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक आली आणि दक्षिण द्वीपकल्पावर ऋतूभरात सुमारे ५७९ मिलिमीटर पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका पाऊस झालेला नव्हता. बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका येथे तळे भरून वाहिले व निवासी इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. थैलीतील अल्पसंख्य गोटी हाती आली ती अशी.

थंडीविषयी एक गैरसमज

पावसाळी गारठा व हिवाळ्याची थंडी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ढगाळ दिवशी ऊन अडते, म्हणून दुपारचे कमाल तपमान बरेच उतरते. परंतु तेच ढग रात्री जमिनीची उष्णता पांघरुणासारखी राखतात, म्हणून किमान तपमान फारसे खाली जात नाही. बंगळूरची खरी थंडी ढग हटल्यावर, निरभ्र व कोरड्या रात्री पडते. शहरातील आजवरचे नीचांकी तपमान, ७.८ अंश सेल्सियस, १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदले गेले. यास्तव हिवाळी अंदाजात किमान तपमान सरासरीपेक्षा अधिक राहील असे वाचून कोणी स्वेटर विकून टाकू नये. त्याचा दिवसाच्या गारठ्याशी संबंध असेलच असे नाही.

अंदाजाचा उपयोग

मग तीन महिन्यांच्या अंदाजाचा उपयोग काय? ज्यांचे निर्णय तीन महिन्यांचे आहेत, त्यांना त्याचा उपयोग आहे. पाऊस कमी होण्याची शक्यता बळावल्यास तंजावरचा शेतकरी लवकर तयार होणारे भाताचे वाण घेऊ शकतो, किंवा काही क्षेत्रात पुढे उडीद-मूग घेण्याचा बेत आखू शकतो. पाऊस अधिक होण्याची शक्यता असल्यास जलाशयाचा अभियंता पुरासाठी थोडी जागा रिकामी ठेवण्याचा विचार करू शकतो. बंगळूरचे नगरप्रशासन पावसाचे मोठे नाले, ज्यांना तेथे ‘राजकालुवे’ म्हणतात, ते वेळेपूर्वी साफ करू शकते. अर्थात २०१६ व २०२१ ही दोन्ही वर्षे स्मरणात ठेवल्यास हे शेवटचे काम अंदाज कसाही असला तरी दरवर्षी केले पाहिजे, हे उघड आहे.

उद्या नाव समुद्रात घालावी की नाही, हा प्रश्न मात्र ऋतूच्या अंदाजाला विचारू नये. त्यासाठी हवामानखात्याचे दर गुरुवारी निघणारे चार आठवड्यांचे अनुमान, त्यानंतर पाच-सात दिवसांचा अंदाज आणि शेवटी प्रत्यक्ष वादळाचा इशारा अशी पायरी-पायरीने उतरणारी व्यवस्था आहे. जसजशी घटना जवळ येते, तसतसे ‘बहुधा’ हा शब्द मागे पडतो व ठिकाण आणि वेळ पुढे येते. ऋतूचा अंदाज वाचून जो निश्चिंत झाला आणि शेवटचा इशारा ऐकावयास थांबला नाही, त्याचे नुकसान अंदाज बरोबर असूनही होते.

ढग उतरलेल्या सकाळी शिवाजीनगरच्या बाजारात चेन्नईच्या वादळाची चौकशी करणारा माणूस म्हणूनच विज्ञानाच्या अधिक जवळ आहे. सप्टेंबरात वाचलेले भाकीत तो ध्यानात ठेवतो, पण आजचे आकाश आणि आजची बातमी पाहिल्यावाचून मात्र राहत नाही.