रविवारची संध्याकाळ कोणाची?

आठवडाभराच्या धावपळीनंतर हाती येणारे शनिवार-रविवारचे मोजके तास छोट्या पडद्यापुढे घालवावेत की एखाद्या चांगल्या पुस्तकाच्या सोबतीत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. मात्र थोडा हिशेब केला की त्याचे मोल ध्यानी येते.

शनिवारची संध्याकाळ उजाडते ती मोठ्या अपेक्षेने. कचेरी नाही, मुलांची शाळा नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे गजर लावून उठायचे नाही. जेवणे आटोपतात, सारे घर दिवाणखान्यात जमते आणि कोणाच्या तरी हाती रिमोट येतो. एका वाहिनीवर गाण्याची स्पर्धा, दुसरीवर विनोदाच्या नावाखाली चाललेला आरडाओरडा, तिसरीवर दहा वेळा पाहिलेला चित्रपट आणि चौथीवर मालिकेचा ‘महाएपिसोड’. अर्धा-पाऊण तास वाहिन्या बदलण्यात जातो. शेवटी काहीतरी लावून ठेवले जाते. रविवारी रात्री झोपताना सुट्टी कशी गेली हे नेमके सांगता येत नाही. हा अनुभव घरोघरचा आहे. दूरचित्रवाणीला नावे ठेवून तो संपणार नाही. असे का होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

एक काळ असाही होता

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे कित्येक वर्षे मराठी घरांत सुट्टीचा अर्थ शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट एवढाच होता. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ आणि १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘महाभारत’ सुरू झाल्यावर रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्या काळातील कार्यक्रमांविषयी आजही हळवेपणाने बोलले जाते. त्यात गतकाळाच्या ओढीचा भाग असेलही. पण एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. त्यातील कितीतरी कार्यक्रमांच्या मुळाशी पुस्तके होती.

चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांतून ‘चिमणराव’ पडद्यावर आले. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आधी पुस्तकात वाढला, मग मालिकेत. आर. के. नारायण यांच्या कथांवर ‘मालगुडी डेज’ बेतली होती, तर भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर ‘तमस’. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका पंडित नेहरूंच्या ग्रंथातून उभी राहिली आणि तीही रविवारीच दाखवली जाई. रामायण-महाभारताविषयी तर वेगळे सांगायलाच नको. म्हणजे ज्या दूरचित्रवाणीची आपल्याला आठवण येते, तिच्यामागे लेखकाने आधीच केलेला विचार होता, घडवलेली माणसे होती आणि ठरलेला शेवट होता. २०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, तेव्हा तिला पुन्हा प्रचंड प्रेक्षक लाभला, तो केवळ वेळ होता म्हणून नव्हे.

कथेला शेवट का उरला नाही?

१९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पाठोपाठ २००० मध्ये ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या. मराठी प्रेक्षकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले आणि सुरुवातीला त्यातून चांगले कार्यक्रमही निघाले. मात्र वाहिनीचे अर्थकारण मुख्यत्वे जाहिरातींवर चालते. जाहिरातीचा दर ठरतो प्रेक्षकसंख्येवर, ज्याला आपण टीआरपी म्हणतो. निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून ती संख्या काढली जाते आणि आठवड्याच्या आठवड्याला वाहिन्यांच्या हाती पडते. ज्या मालिकेचा आकडा चांगला, ती संपवणे म्हणजे चालते दुकान बंद करणे. जिचा आकडा वाईट, तिला शेवटापर्यंत पोहोचूच दिले जात नाही. दोन्हींकडे कथेला स्वतःचा शेवट मिळत नाही.

लेखनावर याचा परिणाम होतो. मालिका पाहणारा माणूस मध्येच उठणार, फोन घेणार, कुकरच्या शिट्ट्या मोजणार, हे निर्मात्याला ठाऊक असते. म्हणून तीच गोष्ट तीनदा सांगितली जाते. एक वाक्य उच्चारले की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा, तोही ढोलताशांच्या साथीने, दाखवला जातो. आदल्या भागाची उजळणी आणि पुढच्या भागाची झलक ठरलेलीच. त्यात जाहिराती. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत तासाला कमाल १२ मिनिटे जाहिरातींची मर्यादा आहे; त्यांपैकी १० मिनिटे व्यापारी जाहिरातींना आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला. ही मर्यादा काटेकोर पाळली गेली, तरी तीन तासांच्या रविवार विशेष कार्यक्रमात ३६ मिनिटे जाहिराती बसतात.

थोडक्यात, मालिका लिहिली जाते ती उठून गेलेल्या प्रेक्षकासाठी. पुस्तक लिहिले जाते ते बसलेल्या वाचकासाठी. आपले लक्ष इथे आहे, असे पुस्तक गृहीत धरते आणि म्हणूनच ते आपल्याला अधिक काही देऊ शकते.

थोड्या पानांत किती मावते

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ ची छोटेखानी कादंबरी पाहा. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो, हळूहळू त्या वस्तीचा होतो आणि दुष्काळ त्या वस्तीचे काय करतो ते पाहतो. एवढेच कथानक. पण पुस्तक मिटल्यावर ती वाडी आणि तिथली माणसे आपल्या ओळखीची झालेली असतात. विश्राम बेडेकरांच्या १९३९ च्या ‘रणांगण’मध्ये बोटीवरचे मोजके दिवस आहेत, एक मराठी तरुण आहे आणि जर्मनीतून परागंदा झालेली एक ज्यू स्त्री आहे, त्या चिमुकल्या अवकाशात महायुद्धाच्या उंबरठ्यावरचे जग उभे राहते. ही दोन्ही पुस्तके शनिवारी दुपारी हाती घेतली तर रविवारी रात्रीपर्यंत आरामात वाचून होतात.

ज्यांना कल्पित कथा नकोत, त्यांच्यासाठी मराठीत आत्मकथनांचे भांडार आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते आणि त्याच पानावर गळाही दाटतो. पतीने धर्मांतर केल्यावर एका स्त्रीच्या वाट्याला काय आले, हे त्या कोणताही आव न आणता सांगतात. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ म्हणजे चार पैसे मिळवावेत म्हणून कोकणातून उत्तरेकडे निघालेल्या आणि १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या भिक्षुकाची हकिगत. झाशीचा वेढा त्यांनी स्वतः पाहिला होता. दया पवारांच्या १९७८ च्या ‘बलुतं’ने मराठी वाचकाला त्याच्याच गावकुसाबाहेरचे जग दाखवले. कोणत्याही रंजक मालिकेइतकेच नाट्य या पुस्तकांत आहे. फरक इतकाच की ते खरे आहे आणि ताणलेले नाही.

पुस्तक कसे निवडावे?

पुस्तक हाती घेतले म्हणजे सुट्टी सार्थकी लागली, असेही नाही. कंटाळवाणी आणि फसवी पुस्तके विपुल आहेत आणि एका वाईट पुस्तकाने वाचनाची इच्छा महिनाभर मारली जाऊ शकते. त्यामुळे निवड महत्त्वाची.

पहिली गोष्ट, पुस्तकाचा आकार आपल्या वेळेशी जुळावा. वाचनाची सवय सुटलेल्याने पाचशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीपासून आरंभ करू नये. कथासंग्रह, व्यक्तिचित्रे, ललित निबंध यांपासून सुरुवात करावी. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ किंवा पु. लं.ची ‘व्यक्ती आणि वल्ली’ यांतील एकेक व्यक्तिचित्र एका बैठकीत संपते आणि पूर्ण केल्याचे समाधान देते.

दुसरी गोष्ट, मलपृष्ठावरच्या स्तुतीपेक्षा आतले पान अधिक खरे बोलते. पहिली दोन पाने वाचावीत, मग मधलेच एखादे पान उघडून वाचावे. आरंभ सजवलेला असतो, पण मधले पान लेखकाची खरी चाल सांगते. तिथेही पुढे वाचावेसे वाटले तर पुस्तक घरी न्यावे.

तिसरी गोष्ट, आपल्या कुतूहलाशी इमान राखावे. लोक वाचतात म्हणून वाचलेले पुस्तक अभ्यासक्रमासारखे जड होते. झाडापाखरांची ओढ असलेल्याने दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ किंवा मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवाचांदण’ घ्यावे. विज्ञान आणि माणसाची जिद्द यांत रस असेल तर वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आहेच. मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही तितक्याच वेगाने धावतो.

चौथी आणि शेवटची गोष्ट म्हणजे पुस्तक अर्धवट सोडण्याचा आपला हक्क. पन्नास पानांनंतरही मन लागत नसेल तर ते निमूटपणे बाजूला ठेवावे. कदाचित पाच वर्षांनी तेच पुस्तक आवडेल.

खर्चाची सबब फारशी टिकत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून वाचकांची सेवा करीत आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. त्यांतील अनेकांची वर्गणी केबलच्या मासिक बिलाहून कमी असते. दिवाळी अंकांची परंपरा तर १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आली आहे, कपाटात पडलेला गेल्या वर्षीचा न वाचलेला अंकही एका रविवारला पुरून उरतो.

हिशेब वर्षाचा

आता तो हिशेब. वर्षात ५२ रविवार. दर रविवारी तीन तास धरले तर १५६ तास. तासाला पंचवीस पाने या निवांत गतीने जवळपास ३,९०० पाने, म्हणजे मध्यम आकाराची पंधरा ते वीस पुस्तके होतात. दहा वर्षांत दीडशेहून अधिक. एवढ्या पुस्तकांनी घरात एक छोटे ग्रंथालय उभे राहते आणि त्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या मराठीत फरक पडतो. मूल आपली भाषा घरात कानावर पडते त्यातून आणि आईवडिलांच्या हातात जे दिसते त्यातून उचलते. पालकांच्या हातात सतत रिमोट किंवा मोबाइल असेल, तर मुलाला वाचनाचे महत्त्व भाषणातून पटवून देता येत नाही.

याचा अर्थ दूरचित्रवाणी संच माळ्यावर टाकावा, असा नाही. एकाकी वृद्धांना तिची सोबत असते, क्रिकेटचा रंगलेला सामना सर्वांनी मिळून पाहण्यात मौज असते आणि अधूनमधून एखादा उत्तम कार्यक्रमही लागतो. तो ठरवून पाहावा आणि संपताच संच बंद करावा. प्रश्न आहे तो ‘काहीतरी लावून ठेवण्याचा’. ते तास कोणी हिरावून घेत नाही, आपणच ते देऊन टाकतो.

येत्या शनिवारी एक साधा प्रयोग करून पाहावा. दुपारीच एक पुस्तक निवडून दिवाणखान्यात, रिमोटच्या जागी ठेवावे. जेवणानंतर घरातल्या कोणीतरी त्याची पहिली चार पाने मोठ्याने वाचावीत. पुढचे काम पुस्तक करील.