‘४८ व्होल्ट, १०० अँपिअर’ म्हणजे नक्की किती?

फोर्कलिफ्टच्या चार्जरवरच्या पट्टीवर ‘४८ व्होल्ट, १०० अँपिअर’ असं कोरलेलं असतं. पॉवर सर्किटचा हिशेब बरेच जण याच दोन आकड्यांवरून सुरू करतात, आणि निम्मे घोळ तिथेच होतात. उदाहरणाला नेहमीचा थ्री फेज चार्जर घेऊ: सहा एससीआरचा ब्रिज, समोर २४ सेलची लेड-ॲसिड बॅटरी.

गैरसमज: बॅटरी ४८ व्होल्टची, मग ट्रान्स्फॉर्मरची सेकंडरीही ४८ व्होल्टची.

४८ हे बॅटरीचं नाव झालं. चार्जिंग संपत आलं की एकेक सेल २.७ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे २४ सेलचे झाले जवळपास ६५. एससीआर आणि केबल मिळून आणखी तीनेक व्होल्ट खातात, झाले ६८. कारखान्याची लाइन १० टक्के पडली तरी एवढे मिळायलाच हवेत, म्हणून ०.९ने भागा: ७५.५. फायरिंग अँगलला किमान १५ अंशांची जागा ठेवली की ७८. थ्री फेज ब्रिजमधून लाइन व्होल्टेजच्या १.३५ पट डीसी मिळतं. म्हणजे सेकंडरी हवी ५८ व्होल्टची.

गंमत अशी की ४८ला १.३५ने गुणलं तरी ६५च येतात, त्यामुळे कागदावर सगळं जमल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात हाताशी काहीच उरलेलं नसतं. संध्याकाळी लाइन पडली की करंट गळतो, बॅटरी अर्धवट भरते आणि खापर बॅटरीवर फुटतं. उलट ‘असू दे जास्त’ म्हणून ८० व्होल्ट काढले, तर एससीआर कायम उशिरा फायर करावे लागतात. पॉवर फॅक्टर घसरतो आणि त्याचा भुर्दंड वीजबिलात येतो.

गैरसमज: मोठ्या अँपिअरचा एससीआर टाकला की काळजी मिटली.

या ब्रिजमध्ये प्रत्येक एससीआर एक तृतीयांश वेळच चालतो. त्याच्या वाट्याला सरासरी ३३ अँपिअर येतात, तेव्हा करंटची अडचण क्वचितच असते. अडचण असते उष्णतेची. करंटच्या वाटेत कुठल्याही क्षणी दोन एससीआर असतात. प्रत्येकी १.२ व्होल्ट धरले तर १०० अँपिअरला २४० वॅट, आणि तेही बंद कॅबिनेटमध्ये. हीटसिंक हवेपेक्षा ४० अंशांहून जास्त तापू द्यायचा नसेल, तर दर वॅटमागे त्याची वाढ ०.१७ अंशापुरतीच असायला हवी. पंख्याशिवाय हे जमवायचं तर हीटसिंक अवाढव्य होतो. शिवाय डेटाशीटवरचा अँपिअरचा आकडा ठरावीक केस टेंपरेचरचा असतो. विदर्भातल्या मे महिन्यातल्या शेडमध्ये तो आपोआप मिळत नाही.

जोडांचंही तेच. लग नीट क्रिंप झालेला नसेल आणि जोडाला एक मिलिओहम रोध असेल, तर १०० अँपिअरला तिथे १० वॅट जळतात. २०० अँपिअरला ४०.

गैरसमज: डीसी गुळगुळीत करायला भलामोठा कपॅसिटर हवा.

बॅटरी स्वतःच व्होल्टेज धरून ठेवते; आवरायचा असतो तो करंटमधला रिपल, सहा पल्सच्या ब्रिजमध्ये ३०० हर्ट्झचा. ते काम चोकचं. मात्र चोकच्या गाभ्यात हवेची फट ठेवलीच पाहिजे, नाहीतर डीसीमुळे गाभा सॅच्युरेट होतो आणि राहते ती तांब्याची नुसती गुंडाळी. कपॅसिटरचा एक धोका तर उघड आहे: तो रिकामा असताना बॅटरीचा प्लग लावला की ठिणगी उडते. भरत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सुटत असतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेटू शकतो.

गैरसमज: इनपुटला एमसीबी आहे, मग बचाव झालाच.

हा सगळ्यांत महागात पडणारा. ब्रिजमधले एससीआर शॉर्ट झाले की एमसीबी पडेल, पण पलीकडून बॅटरी करंट ओततच राहील. ५०० अँपिअर-तासाची बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर देते. एसीचा करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो, डीसीचा येत नाही. त्यामुळे डीसी आर्क सहज विझत नाही. म्हणून बॅटरीच्या बाजूला डीसी रेटिंगचाच फ्यूज लागतो. एससीआरसाठी सेमीकंडक्टर फ्यूज वेगळा, ज्याचा आय-स्क्वेअर-टी एससीआरपेक्षा कमी आहे असा. साधा एचआरसी फ्यूज वितळेपर्यंत एससीआर गेलेला असतो. चार्जरचं ड्रॉइंग मंजुरीला आलं की आधी हे दोन फ्यूज शोधा. नसतील तर बाकीचं न वाचता परत पाठवा.