सुमो दारात उभी करण्यापूर्वी

वस्तीत कुणाच्या दारात जुनी सुमो येऊन उभी राहिली की पहिले चार दिवस तिच्याभोवती पोरांची गर्दी असते. पेढे वाटले जातात. येणारा जाणारा विचारतो, "केवढ्याला घेतली?" पण "वर्षाला किती खाते?" असे कुणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

सन 2016 मध्ये आम्ही, आमचे मोठे भाऊजी आणि धाकटे मेहुणे अशा तिघांनी मिळून 2007 सालची एक सुमो व्हिक्टा एक लाख पंच्याऐंशी हजारांना घेतली. तीन कुटुंबे, म्हातारी माणसे, दवाखाना, लग्नकार्य, आणि अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी. एसटी चुकली की काळी-पिवळी जीपच्या फळकुटावर लटकून प्रवास करण्यात आमची उमेद गेली होती. तेव्हा एकाच गाडीत सारे घर बसते, याचे अप्रूप फार.

ही गाडी टाटांनी 1994 साली काढली. सुमो म्हणजे जपानी पैलवान असे पुष्कळांना वाटते. पण ते नाव टेल्कोची धुरा वाहिलेल्या सुमंत मुळगावकर यांच्या नावातील 'सु' आणि आडनावातील 'मो' जोडून झाले आहे. सांगाडा ट्रकसारखा वेगळा, त्यावर बॉडी, मागे पाटे, जोर मागच्या चाकांना. म्हणूनच आमच्या जिल्ह्यातल्या पांदणीत ती टिकली. पुढे स्पॅसिओ, व्हिक्टा, ग्रँड, गोल्ड अशी तिची भावंडे निघाली आणि 2019 मध्ये कारखान्याने सुमो बनवणे थांबवले.

इथेच गोम आहे. नाव एक, पण इंजिने वेगवेगळी. "सुमोची क्लचप्लेट द्या" म्हणून दुकानात जाणे म्हणजे "माणसाची चप्पल द्या" म्हणण्यासारखे आहे. गाडीचे आर.सी. बुक, त्यावरील चेसिस व इंजिन क्रमांक आणि शक्य तर जुना काढलेला भाग पिशवीत घालूनच जावे. एकदा आम्ही नुसत्या नावावर आणलेले कॉलर बेअरिंग बसले नाही. ते परत करायला चिखली-खामगाव अशी एक फेरी वाया गेली, आणि दुकानदाराने "डबा फोडला" म्हणून परत घेतलेही नाही.

फिल्टर, फॅनबेल्ट, क्लचप्लेट, शॉकअप हा माल अजून सहज मिळतो. कारण रस्त्यावर सुमो पुष्कळ आहेत आणि टाटांच्या लहान मालवाहू गाड्यांशी तिचे काही भाग जुळतात. जाणता मिस्त्री हे हाताने ओळखतो. अडते ते बारीकसारीक गोष्टींत. दाराचे कुलूप, काच वर घेण्याचे यंत्र, दाराचे रबर, डॅशबोर्डवरचे बटण. त्यासाठी भंगारवाल्याकडे जायला लाजू नये. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि दिल्लीत मायापुरीला जुन्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकणारे अख्खे बाजार आहेत. आपल्याकडे अकोल्यापर्यंत गेले तरी बहुधा भागते. काच, दार, बॉनेट, सीट हे जुने चालते. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग, बॉल जॉइंट, टायर मात्र जुने कदापि घेऊ नयेत.

आणि नवे घेतानाही डोळे उघडे ठेवावेत, हे आम्ही राजूरच्या घाटात शिकलो.

2018 च्या पावसाळ्यात मागच्या चाकातून ब्रेक ऑईल गळू लागले. मिस्त्री म्हणाले, "साहेब, कंपनीचे किट टाका." दुकानात दोन पुड्या होत्या. दोहोंत तीनशे रुपयांचा फरक होता. तिघांच्या वर्गणीचा हिशेब आमच्याकडे, कारकुनाचा पिंड, आम्ही स्वस्तातली उचलली. मिस्त्रींनी मान हलवली, पण मालक आम्ही होतो.

दीड महिन्याने मलकापूरला रेल्वे गाठायची म्हणून पहाटे बुलडाण्यातून निघालो. गाडीत नऊ जण, त्यांत आमची आई आणि मेहुण्यांची तान्ही मुलगी. उतार लागला तसे भाऊजींनी गाडी न्यूट्रल केली आणि चावी फिरवून इंजिन बंद केले. डिझेल वाचवायची ही जुनी खोड जिल्ह्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांना आहे. दुसऱ्या वळणावर पायडल दगडासारखे लागले. त्यांनी जोर केला, तर ते एकदम खाली गेले. ब्रेक लागत होता, पण अर्धामुर्धा. भाऊजींनी अनेक वर्षे ट्रक चालवलेला. त्यांनी चावी फिरवून इंजिन सुरू केले, तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. कुणाला खरचटलेही नाही. पण आई त्या दिवशी रेल्वेत बसली नाही. घरी परतली ती एसटीने.

मागचे चाक उघडले तेव्हा त्या स्वस्त किटचे रबर फुगून मऊ झाले होते. ऑईल थेंब थेंब गळून बाटलीचा तळ दिसत होता. इंजिन बंद केल्याने काय झाले, तेही मिस्त्रींनी समजावले. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा बूस्टर हा इंजिनावर फिरणाऱ्या पंपाने हवा ओढून चालतो. इंजिन बंद झाले की एक-दोन दाबांत ती मदत संपते. पॉवर स्टिअरिंगही त्याच क्षणी जड होते. तेव्हा घाट ज्या गिअरने चढता, त्याच गिअरने उतरावा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर तापून उकळते, म्हणून दोन वर्षांत ते बदलावे. तीनशे रुपये आम्ही वाचवले होते, हे आजही घरात कुणी बोलून दाखवत नाही. ते अधिक लागते.

आता पाण्याविषयी. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा आपला खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले की आत क्षार बसतो, इंजिन तापते आणि एके दिवशी हेड गॅसकेट जाते. त्याचे काम हजारांत जाते. बॅटरीला घालतात तसले शुद्ध पाणी आणि कूलंट मिसळून टाकावे, आणि पाच लिटरचा एक कॅन सदैव गाडीत ठेवावा.

हिशेबाचे मात्र आमच्या पत्नीचे ऐकावे. वाणिज्य शाखेचे पदवीधर आम्ही, घसारा म्हणजे काय हे परीक्षेत लिहून आलो, पण घरात तो काढला तिने. घाटातल्या प्रसंगानंतर तिने एक पत्र्याचा डबा ठेवला. गाडी ज्या घराने नेली, त्याने डिझेलशिवाय किलोमीटरला तीन रुपये डब्यात टाकायचे. मेहुणे आधी रुसले. पण 2021 मध्ये पंप-नोझलचे काम आणि चारही टायर एकाच महिन्यात निघाले, तेव्हा कुणालाही सावकाराचे दार बघावे लागले नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 पासून कारसाठी त्याचे शुल्क पाच हजार झाले. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील गाडीला ते दहा हजार आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागते. विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. आणि पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत माणशी भाडे घेऊन कुणाला बसवू नये. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या मानेवर बसते. नागपूरला जाताना वस्तीतले कुणी "सीटचे किती?" म्हणून विचारतात, आम्ही नाही म्हणतो. त्यावरून एक-दोघे अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

गाडी भंगारात द्यायची झाल्यास अधिकृत केंद्रात द्यावी आणि परिवहन कार्यालयातून नोंदणी रद्द करून घ्यावी. नाही तर गाडी मोडून गेली तरी कागदावर ती तुमचीच राहते.

आमच्या सुमोची मुदत 2027 मध्ये संपते. दहा हजार भरायचे की गाडी मोडीत द्यायची, यावर तिन्ही घरांत वाद आहे. भाऊजी म्हणतात इंजिन अजून खणखणीत आहे. आमची पत्नी म्हणते, आधी डबा मोजू. तूर्त मागच्या दाराचे कुलूप दोरीने बांधलेले आहे. चिखलीच्या मिस्त्रींनी अकोल्याला एक व्हिक्टा सुटायला आल्याचे कळवले आहे, येत्या रविवारी पिशवीत जुने कुलूप घालून तिकडे जाणार आहोत.