ढिला ब्रेक आणि हिवताप

बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा-बैहरच्या सालवनांत माणसे पिढ्यानपिढ्या हिवतापासोबत जगली. मध्य भारतातल्या गोंडांसह अनेक आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल ही त्या सोबतीचीच खूण. जनुकाची एक प्रत आली तर जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, दोन आल्या तर आयुष्यभराचे दुखणे. ल्युपससारख्या, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा आजारांची प्रवृत्ती वाढवणारी जनुकेही याच हिशेबाने वाचायला हवीत. त्यांना नुसते 'सदोष' म्हणणे म्हणजे खर्चाचे पान वाचून जमेचे न उलटणे.

प्रतिकारशक्तीला लढण्याइतकेच थांबणेही यावे लागते. तिला आवरणाऱ्या टी-पेशींच्या शोधासाठी 2025 चे नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींवरही असाच एक ब्रेक असतो, एफसी-गॅमा-आर-टू-बी नावाचा. नाव बोजड, काम सोपे. त्याच्या जनुकाचे एक रूप हा ब्रेक ढिला करते. या रूपाच्या दोन्ही प्रती असल्या की ल्युपसचा धोका वाढतो. पण 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केनियातल्या अशाच मुलांना गंभीर मलेरिया कमी झाल्याचे दिसले. एकेकाळी मलेरियाग्रस्त असलेल्या सार्डिनिया बेटावरही 2017 मध्ये असेच एक जनुकरूप सापडले. ते बी-पेशींना बळ देते आणि ल्युपसचा धोकाही वाढवते.

मग मलेरियाच्या मुलखात ल्युपस फार दिसायला हवा, असा आक्षेप येईल. डॉक्टर ब्रायन ग्रीनवुड यांना 1968 मध्ये नायजेरियात उलटेच दिसले: असे आजार तिथे विरळाच होते. पुढे त्यांनी ल्युपससारखा आजार होणाऱ्या उंदरांना मलेरियाची लागण केली, तेव्हा तो आजार सौम्य झाला. संसर्गच प्रतिकारशक्तीला गुंतवून ठेवत असावा. म्हणून मलेरिया राहू द्यावा काय? मुळीच नाही, तो मुले मारतो. शिवाय 'विरळा' या शब्दावर फार विसंबू नये. तालुक्याच्या दवाखान्यात ल्युपसच्या निदानासाठी लागणारी एएनए ही रक्तचाचणीच होत नसेल तर आजार मोजला जाणार कसा? आणि जनुक म्हणजे विधिलिखितही नव्हे: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस झाला, तरी बहुतेकदा दुसऱ्याला होत नाही.

तेव्हा बिरसा तालुक्यात ताप आणि सांधेदुखी महिनोनमहिने हटत नसेल, तर ल्युपसचीही शंका घ्यावी; मलेरियाची चाचणी निगेटिव्ह आली एवढ्यावर रुग्णाला घरी पाठवू नये.