एका वेळी एकच ओळ

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. उधना, लिंबायत, दिंडोलीकडे खानदेशातून आलेली इतकी घरं आहेत की गल्लीत अहिराणी ऐकू आली तर कुणी मान वळवून बघत नाही. अशा शहरात संगणकावर नावांची यादी करायला घेतली, की अंक कुठे गुजराती, कुठे देवनागरी, कुठे इंग्रजी पडतात. ओळींच्या शेवटी फालतू मोकळ्या जागा राहतात. एकच 'उधना' दोन वेगळी गावं असल्यासारखा दोनदा उमटतो. अशी यादी पाखडून देणारं जुनं सूप म्हणजे 'सेड' हे संगणकावरचं साधन.

सेडला खिडकी नाही, बटणं नाहीत. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एवढाच त्याच्याशी व्यवहार. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन यांनी 1973-74च्या सुमारास ते लिहिलं. त्याआधीचा 'एड' हा संपादक अख्खी फाइल उघडून बसायचा, आणि त्या काळच्या यंत्रांची स्मृती इतकी तोकडी की मोठी फाइल त्यात मावायचीच नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' निबंधांपैकी कोणता कुणाचा, हे मॅकमॅहन यांना शोधायचं होतं, तेव्हा हीच अडचण आली. त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांचं 'ग्रेप' हे शोधाचं साधन त्यातून निघालं. सेडही त्याच घराण्यातलं. ते एका वेळी एकच ओळ हातात घेतं, सांगितलेला बदल करतं, ओळ पुढे सोडतं आणि पुढची घेतं. म्हणून फाइल कितीही मोठी असो, त्याला धाप लागत नाही.

दोनदा दिसणाऱ्या उधन्याचं कोडं त्याहून जुनं आहे. टेलिटाइप यंत्रावर नवी ओळ सुरू करायला दोन हुकूम लागत: छापणारा भाग डावीकडे परत आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोजने ते दोन्ही, म्हणजे 13 आणि 10 हे संकेत, जपून ठेवले. युनिक्सने फक्त 10 घेतला. म्हणून विंडोजवर केलेल्या यादीत 'उधना'च्या शेवटी डोळ्यांना न दिसणारा 13 चिकटलेला असतो, आणि दुसऱ्या यंत्राला तो 'उधना' वेगळा वाटतो. ओळीच्या शेवटचा 13 काढून टाक, एवढा एक नियम सेडला दिला की दोन्ही उधने एक होतात.

इथवर सोपं आहे. दुसऱ्या लिपीसाठी घडलेलं यंत्र आपल्या अक्षरांपाशी अडतं, हा अनुभव मात्र सुरतेला तीन शतकांहून जुना. इथले व्यापारी भीमजी पारेख यांच्या मागणीवरून ईस्ट इंडिया कंपनीने 1674मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईला पाठवला. तो छापणारा होता, अक्षरांचे खिळे घडवणारा नव्हता. भीमजींना हवी असलेली 'बनिया' अक्षरं त्याच्याकडून झाली नाहीत.

सेडचा भाऊबंद 'टीआर' आजही काहीसा हिल्ससारखाच आहे. लिनक्सवर सर्रास मिळणाऱ्या टीआरला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सामाईक. देवनागरी अंक इंग्रजी कर म्हटलं की टीआर अंकांसोबत बाकीची अक्षरंही फोडतो. सेडचा 'वाय' हुकूम, भाषेची मांडणी यूटीएफ-8 असेल तर, अंकाला अंक म्हणून ओळखतो. गुजराती अंकही त्याच दमात बदलून घेता येतात.

पण सेडला तरी अक्षर कळतं का? 'स्त्री' आपल्याला एक अक्षर. त्याला सहा चिन्हं. ओळीतलं शेवटचं अक्षर काढ म्हटलं तर ते 'सुरती'ची नुसती वेलांटी काढतं आणि 'सुरत' ठेवतं.

खरा घोळ मराठीच्या ऱ्याचा. 'दऱ्या' तीन तऱ्हांनी साठवता येतं: ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच, शोधताना मात्र तीन शब्द. आता इंग्रजीच्या सवयीने लिहिलेल्या सफाईच्या तयार नियमांत 'अदृश्य चिन्हं काढून टाका' असा एक नियम हमखास असतो. तो चालवला की तिसऱ्या तऱ्हेने साठवलेल्या, डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. यंत्र कुठेही तक्रार करत नाही, म्हणून हा नियम मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. त्यात सेडला मूळ फाइलवरच लिहायला सांगितलं असेल आणि जुनी प्रत राखली नसेल, तर परतीची वाट नाही. आधी तिन्ही तऱ्हा पहिल्या तऱ्हेत आणायच्या, बाकीची झाडलोट नंतर.

सुरतेत याला आणखी एक पदर आहे. युनिकोडने भारतीय लिपींची मांडणी आपल्या इस्की या संकेतप्रणालीवरून घेतली, त्यामुळे देवनागरीतल्या अक्षराच्या 384 घरं पुढे बहुतेक वेळा त्याचं गुजराती रूप सापडतं. 'क' 2325वर, गुजराती क 2709वर. 'ळ'सुद्धा नीट भेटतो. ऱ पासून 384 मोजले तर मात्र रिकामं घर लागतं. म्हणून जळगावकडचे बऱ्हाटे गुजराती यादीत गेले की रफाराचे होतात आणि मराठीत परत आणले तरी 'बर्हाटे'च राहतात.

यावर 'रफार आणि ह दिसला की ऱ्ह कर' असा नियम लिहिता येतो आणि आडनावांपुरता तो छान चालतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे सगळे जागेवर येतात. फक्त शिक्षकांच्या यादीत पहिल्या ओळीवर 'शैक्षणिक अर्हता' असं शीर्षक असतं आणि तिथला रफार अस्सल आहे. सेडमध्ये नियमाच्या आधी ओळींचा पत्ता देता येतो: '2,$', म्हणजे दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत. तेवढं लिहिलं की शीर्षकाला हात न लावता खालचे सगळे बऱ्हाटे दुरुस्त होतात.