कलचाचणी काय सांगते?

दहावीच्या मुलाला "तुला कोणते काम आवडेल?" असे विचारले तर तो पाहिलेल्या कामांतूनच एखादे सांगणार. घोडबंदर रस्त्यावरील चेणे गावाचेच पाहा. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधून अखंड वाहनांची रांग. तेथील मुलाला गाडीचा चालक, दुकानदार, शिक्षक, पोलीस माहीत असतात. खाडीच्या पाण्यातील क्षार मोजणारा रसायनज्ञ त्याने कोठे पाहिला?

महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू झाली व काही वर्षे घेतली गेली. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, मानव्यविद्या आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी ओढा कोठे आहे, ते तीत पाहत. पुष्कळ घरी तो निकाल म्हणजे जणू भविष्यच मानले गेले.

पण आवडीचे काम मिळाले की माणूस पुढे त्यात समाधानी राहतो का? २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी पासष्ट वर्षांतील १०५ अभ्यास एकत्र करून हे तपासले. आवड व काम यांचा मेळ आणि कामातील समाधान यांचा सहसंबंध निघाला सुमारे ०.१९. संबंध मुळीच नसेल तर हा आकडा शून्य, पूर्ण असेल तर एक. आता ०.१९ चा वर्ग करा: ०.०३६. म्हणजे माणसामाणसांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातील चार टक्क्यांहून कमी भाग या मेळाशी जोडता येतो! वरिष्ठांची वागणूक, सोबती, पगार, नोकरीची शाश्वती, रोजचा प्रवास यांचाही वाटा असतोच. आणि त्याबद्दल कलचाचणीत एकही प्रश्न नसतो.

म्हणून चाचणी टाकाऊ ठरते असे मुळीच नाही. १९०८ साली बोस्टन शहरात व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र उघडणाऱ्या फ्रँक पार्सन्स यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: स्वतःची ओळख, कामाची ओळख, आणि दोहोंचा नीट विचार. चाचणी पहिलीला हातभार लावते. दुसरी आमच्या शाळांत बहुधा एका व्याख्यानात उरकली जाते, हे शिक्षकांनीही मान्य करावे.

ती घरबसल्या होत नाही. उद्यानातील वनरक्षक, गॅरेजमधील मेकॅनिक, दवाखान्यातील परिचारिका यांना भेटा. "तुमचे काम चांगले आहे का?" असे विचारू नका, उत्तर ठरलेलेच येते. गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केले, ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या.