शेवटच्या बसपासून मागे मोजा

पाऊस ओसरला की एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, स्वतःची गाडी नाही. ट्रेन आणि बसनं जाऊन पचमढीचा डोंगर एका दिवसात करता येईल का?" प्रश्न चांगला आहे. आज ऑक्टोबरच्या पहिल्या मोहिमेबद्दल बोलू आणि उदाहरण चौरागडचं घेऊ.

विदर्भातल्या मंडळींना चौरागड नवा नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन महादेवाला जाणारे हजारो लोक तिकडचेच असतात. पण जत्रेत वाटेवर पाणी असतं, दुकानं असतात, पोलीस असतात, खाली जीपांची रांग असते. ऑक्टोबरच्या साध्या मंगळवारी यातलं बहुतेक काही नसतं. डोंगर तोच, सोय वेगळी. जत्रेच्या आठवणीवर बेत आखू नका.

आता जबलपूरहून हिशोब मांडू. पिपरिया स्टेशन पावणेदोनशे किलोमीटरवर, म्हणजे अडीच-तीन तास. तिथून पचमढी बसनं पन्नासेक किलोमीटर, घाटाचा रस्ता, दोन तास धरा. गावातून बडा महादेवपर्यंत आणखी दहा किलोमीटर, आणि तिथून पायी सुमारे चार किलोमीटर, शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या.

लोक हा हिशोब सकाळपासून पुढे करत जातात. फौजेत आम्हाला उलटा करायला शिकवलं. समजा परतीची ट्रेन पिपरियाहून रात्री ९ला आहे. म्हणजे ८ला स्टेशनवर, ६ला पचमढीच्या बसमध्ये, ५ला बडा महादेवहून जीपमध्ये. उतरायला दोन तास, म्हणून ३ला माथा सोडायचा. चढायला अडीच तास आणि वर अर्धा तास, म्हणजे चढाई उशिरात उशिरा १२ला सुरू व्हायला हवी. सकाळी साडेपाच-सहाची ट्रेन धरली तर बडा महादेवला तुम्ही पोचता बरोबर १२च्या सुमारास. कागदावर जमलं! आणि म्हणूनच हा बेत धोक्याचा आहे, कारण ट्रेन अर्धा तास लेट झाली की तो अर्धा तास अंधारातून वसूल होतो.

अंधार लवकरही येतो. जूनमध्ये पचमढीत सूर्य सातच्या पुढेमागे मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेसहा-सहाच्या दरम्यान. दरीत तर ऊन त्याच्याही आधी जातं, आणि हे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आदल्या संध्याकाळीच पचमढीला मुक्कामाला जा. डोंगर एका दिवसाचा, प्रवास दीड दिवसाचा. मग सकाळी ९ला चढाई सुरू होते आणि दुपारी १ ही परत फिरायची वेळ ठरवता येते. १ वाजता जिथे असाल तिथून मागे. मागल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या गटाला शेवटच्या दोनेकशे पायऱ्या उरल्या असताना मी परत फिरवलं. एक जण पिपरियापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. चालतं. वेळ खाली ठरवायची असते, कारण वर गेल्यावर प्रत्येकाला कळस दिसत असतो.

चढाईचे अडीच तास कुठून आले? नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. एक पायरी १६ सेंटिमीटरची धरली तर १३०० पायऱ्यांचेच २०० मीटर होतात. चार किलोमीटर आणि वाटेतला बाकीचा चढ मिळून सव्वा तासाच्या पुढे जातं. हा तंदुरुस्त माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशोब. हंगामाच्या पहिल्या महिन्यात मी तो दुप्पट करतो, कारण चार महिने घरात बसलेले गुडघे आणि पायऱ्यांवरचं शेवाळ दोन्ही वेळ खातात. स्वतःचा आकडा काढायचा असेल तर आपली मदनमहालची टेकडी आहेच. पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन आधीचे दोन रविवार चढा आणि घड्याळ लावा.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे एसटी असते, तिला वेळापत्रक असतं. मध्य प्रदेशात गेली बरीच वर्षं बसगाड्या खासगी आहेत. सवारी कमी असेल तर संध्याकाळची शेवटची गाडी सुटेलच याचा भरवसा नाही. म्हणून पचमढीत उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारा, आणि तो सांगेल त्याच्या आधीची बस ही तुमची शेवटची बस समजा. जीपचंही तसंच. जाताना ड्रायव्हरशी परतीची वेळ पक्की करा, नाहीतर ते दहा किलोमीटर पायी, म्हणजे आणखी दोन तास. कसाऱ्याहून बारी गावी जाऊन १६४६ मीटरचं कळसूबाई करणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू. तिथे मागे मोजायला सुरुवात परतीच्या लोकलपासून.

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारी अचानक गडगडाट घेऊन येतो. चौरागडचा माथा उघडा आहे. पहिला गडगडाट ऐकला की दर्शन आटोपतं घ्या आणि उतरा. खडकाच्या कपारीत आग्या मोहोळं दिसली तर धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. वानरांसमोर पिशवी उघडायची नाही. प्रत्येकाकडे टॉर्च हवा. मोबाइलचा उजेड मी धरत नाही, कारण तीच बॅटरी फोनला लागते, आणि जंगलात रेंज शोधताना ती लवकर उतरते.

धूपगडला, म्हणजे सातपुड्याच्या १३५२ मीटर उंच शिखराला जायचं असेल तर वनखात्याचा परवाना आणि फाटकाच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्या. आणि निघताना लॉजच्या काउंटरवर एक चिठ्ठी ठेवा: किती जण, कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत, घरचा फोन नंबर. परत आलात की ती चिठ्ठी मागून घ्या, नाहीतर रात्री उगाच शोधाशोध होईल.